गॅरेजला पोरं मिळेनात, मिळाली तर टिकेनात. खान्देशातले गॅरेजवाले काय करताहेत?

लोखंडी_पाना (जळगाव)

नमस्कार मंडळी. अजिंठा चौफुलीच्या अलीकडे माझं चारचाकीचं गॅरेज आहे. वडिलांनी जीप आणि अँबेसेडरवर सुरू केलेलं. आता निम्म्याहून जास्त गाड्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या असतात. कामाला तोटा नाही, पण गाडी दारात उभी आणि तिला हात लावायला माणूस नाही, अशी गत आहे. दोन लिफ्टपैकी एक बहुतेक दिवस रिकामी. गिऱ्हाइकाला "परवा या" म्हणायचं आणि परवा पुन्हा तेच.

वडिलांच्या काळात बापच पोराला घेऊन यायचा. "पैसे नका देऊ, काम शिकवा" म्हणायचा. सातवी-आठवीतून शाळा सुटलेलं पोर चार-पाच वर्षं पाने पुसत, चहा आणत, शिव्या खात मिस्तरी व्हायचं. ती रीत गेली ते बरंच झालं. बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीपासून, घरच्या धंद्यातली शाळेनंतरची मदत आणि सिनेमा-टीव्हीतलं काम सोडलं तर चौदाच्या आतल्या पोराला कुठेच कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. पण त्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही. आयटीआय झालेला पोरगा चाकण नाहीतर वाळूजच्या कारखान्यांकडे बघतो. कंत्राटी का असेना, तिथे पक्कं छत, कँटीन, ने-आण करायला बस, आणि लग्नाच्या बायोडाटावर लिहायला कंपनीचं नाव. "गॅरेजमध्ये आहे" ऐकलं की मुलीकडचे चहा पिऊन उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचे सुरतेला कापड मार्केटात, नाहीतर पाठीला डिलिव्हरीची बॅग.

जे येतात ते आधी उचल मागतात. दिली नाही तर दुसरा गॅरेजवाला द्यायला बसलेलाच आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) गावी गेलेला परत येईल याचा भरवसा नाही. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला बदलतं, तसं आता आमच्याकडेही व्हायला लागलंय. आणि माझ्या हाताखाली तयार झालेल्या एकानं समोरच्याच गाळ्यात शटर उघडलं.

तुम्ही माणसं कुठून आणता, काय देता, टिकवता कसं ते लिहा. "आजकालची पिढीच तशी" हे वाक्य कृपा करून नको. ते रोज ऐकतो.

---

कमान_पाटा (धुळे)

तुमनं म्हननं खरं शे भाऊ, पन पगार कितला देतस ते बी लिखा ना!

---

लोखंडी_पाना

लिहितो की, लपवायचं काय त्यात. नवा हेल्पर नऊ हजार, हात बसलेला मिस्तरी वीस-बावीस. रविवारी अर्धा दिवस. दिवाळीला एक पगार.

---

उधन्याचा_अमळनेरकर (सुरत)

मी अमळनेरचा, डिझेल मेकॅनिकचा आयटीआय. जळगाव आणि धुळ्यात मिळून तीन गॅरेजांत काम केलं, आता उधन्यात एका मोठ्या वर्कशॉपला आहे. मालक लोक आपसात बोलताहेत, तर म्हटलं दुसऱ्या बाजूनंही कोणीतरी लिहावं.

पगारामुळे गेलो असं सगळे समजतात. सुरतेला पैसे जास्त मिळतात हे खरं. पण खोलीत आम्ही पाच जण. भाडं, खानावळ, महिन्यातून एकदा घरी यायचं रेल्वेचं भाडं काढलं तर हातात उरतं ते अमळनेरच्या पगारापेक्षा फार नाही. आणि आईच्या हातची कळण्याची भाकरी तिथे मिळत नाही, ती वेगळीच.

मी सोडलं ते दुसऱ्याच कारणांनी. पहिल्या गॅरेजात पगाराची तारीखच नव्हती. सात तारखेला मागितला तर "गिऱ्हाइकानं दिले नाहीत अजून". मग दोन हजार, मग पाचशे, मग हजार. महिना संपेपर्यंत किती आले आणि किती राहिले त्याचा हिशोब मालकाच्या डोक्यात. उचल आम्ही मागतो म्हणता ना? पगार वेळेवर नसला की माणूस उचलच मागणार. आणि एकदा उचल फिटेनाशी झाली की माणूस एक दिवस येतच नाही. फोन बंद. मालक म्हणतो पळाला. तो पळाला नाही, बुडाला होता.

दुसऱ्या ठिकाणी पगार वेळेवर होता, मालकही सज्जन. पण गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर कपाटात, चावी मालकाच्या खिशात. इंजिनचा दिवा लागलेली गाडी आली की मालक स्वतः स्कॅनर लावणार, कोड वाचणार, आणि आम्हाला फक्त "हा सेन्सर बदल" सांगणार. दोन वर्षं मी ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड आणि क्लच प्लेट एवढंच केलं. 1 एप्रिल 2020 नंतरची, म्हणजे बीएस-6, प्रत्येक गाडी सेन्सरवर चालते. ज्याला ते वाचता येत नाही त्याचं पुढे काय होणार, हे पोरांना कळतं. इथे उधन्यात पहिल्या आठवड्यात माझ्या हातात स्कॅनर दिला. चुकलो तर सिनिअर ओरडतो, पण देतो.

आणि मे महिना. पत्र्याखाली दुपारी दोनला गाडीखाली झोपून बघा एकदा. जळगाव-भुसावळचा उन्हाळा काय सांगायचा इथल्या लोकांना! पंखासुद्धा गरम हवाच फेकतो. वेळ बदला म्हटलं तर म्हणायचे "गिऱ्हाईक दुपारीच येतं".

---

केळीवाला (रावेर)

अमळनेरकर भाऊ, पटलं. मी गिऱ्हाईक बाजूचा. आमच्या गाड्या रावेर-यावलहून केळी भरून दिल्लीकडे जातात. केळीला थांबायला वेळ नसतो. बीएस-6 ट्रकला धूर साफ करणाऱ्या युरियाच्या सिस्टिमचा फॉल्ट आला की इंजिन आपोआप ताकद तोडतं, चढावर गाडी रांगते. जुन्या गाडीला असं काही नव्हतं. कोणीही उस्ताद नळी जोडून पुढे काढून द्यायचा. आता गाडी लॅपटॉपशिवाय बोलत नाही, आणि लॅपटॉप समजणारा माणूस बऱ्हाणपूर ते धुळे या पट्ट्यात मोजकाच.

एक कडू बोलतो. मिस्तरी टिकत नाही यात आम्हा गिऱ्हाइकांचाही वाटा आहे. पार्टचे आठ हजार आम्ही न बोलता देतो, कारण डब्यावर किंमत छापलेली असते. लेबरचे बाराशे म्हटले की "एवढे? अर्ध्या तासाचं तर काम" म्हणून घासाघीस सुरू. अर्ध्या तासात फॉल्ट सापडावा म्हणून त्यानं किती वर्षं घातली ते आपण मोजत नाही. गॅरेजवाल्याला लेबर सुटलं नाही तर तो पोराला कुठून देणार?

मी दोन वर्षांपासून एका गॅरेजवाल्याला महिन्याचे बांधीव पैसे देतो, गाडी बिघडो न बिघडो. बदल्यात माझी गाडी आली की त्याचा चांगला माणूस आधी माझ्याकडे. त्या पैशातून त्याच्या एका मिस्तरीचा पगार जवळजवळ निघतो. चार ट्रान्सपोर्टवाले असे जोडले तर पावसाळ्याच्या मंदीतही माणूस सोडायची वेळ येत नाही.

---

शिल्पनिदेशक (धुळे)

आयटीआयमध्ये शिकवतो, म्हणून थोडं लांबलचक.

मोटार मेकॅनिकचा आमचा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. दहावी पास लागतो. मुलं वाईट नाहीत, पण आमच्याकडे सरावाला असलेलं इंजिन बहुतेक वेळा रस्त्यावरच्या गाडीपेक्षा एक पिढी जुनं असतं. म्हणून पास झालेला मुलगा तयार मिस्तरी समजून घेऊ नका. त्याला मोजमाप येतं, सर्किटचा नकाशा वाचता येतो, मल्टिमीटर धरता येतो. हात बसायला वर्ष-सहा महिने तुमच्याकडेच लागणार. जुन्या उस्तादाला आवाजावरून टॅपेट कळतात, याला कोड वाचता येतो. दोघांना एका गाडीवर लावा. वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवलंत तर दोघंही एकमेकांना नावं ठेवतात.

आता शिकाऊ उमेदवारीबद्दल. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यात 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. पण 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक, म्हणजे तुम्हीही घेऊ शकता. हे बहुतेक गॅरेजवाल्यांना माहीतच नसतं. 2019 च्या नियमांत आयटीआय पास उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना 7000 ठरवलं. केंद्राच्या एनएपीएस (शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन) योजनेत त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार देतं. रक्कम मोठी नाही, पण मुलाच्या हातात शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र येतं, आणि त्याच्यासाठी तेच मोलाचं असतं. एसटीच्या कार्यशाळेत शिकाऊ म्हणून जायला आमची मुलं रांग लावतात ती याच कागदासाठी.

आणखी एक. गॅरेजवाले आमच्याकडे येतात कधी? माणूस सोडून गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तोवर बॅच पास होऊन पांगलेली असते. पुण्याच्या कंपन्यांची माणसं परीक्षेआधीच येऊन मुलांशी बोलून जातात. तुम्ही कधी आलात?

---

लोखंडी_पाना

सर, खरं सांगायचं तर शिकाऊ उमेदवारीचं सरकारी पोर्टल बघून घाबरलो. नोंदणी, करार, हजेरी चढवा, विद्यावेतन बँकेतूनच द्या. माझ्याकडे हिशोबालाही माणूस नाही.

---

शिल्पनिदेशक

पहिल्यांदा त्रास होतो. करार भरून घ्यायला आमच्याकडे या, आम्ही बसवून भरून देतो, आमचंही ते काम आहे. पण एक अट समजून घ्या. शिकाऊ म्हणजे स्वस्तातला हेल्पर नव्हे. त्याला नुसता वॉशिंगला लावलात तर तीन महिन्यांत तो जाईल, आणि पुढच्या बॅचला सांगूनही जाईल.

---

चाळीसगावची_वहिनी

आमचं टू-व्हीलरचं गॅरेज. हे गाड्या बघतात, मी वही बघते. अमळनेरकर दादांनी पगाराच्या तारखेचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे पगार सात तारखेला, रविवार असला तर सहाला. गल्ल्यात नसले तर मी बचत गटातून काढते, पण तारीख चुकवत नाही. उचल बंद केली नाही, बंद केली तर पोरं सावकाराकडे जातात. पण पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर देत नाही, आणि प्रत्येकाची वेगळी वही, त्याच्या सहीची, त्याच्याकडेही एक प्रत. पोस्टात प्रत्येकाचं आरडी खातं उघडून दिलंय. महिन्याला हजार त्याचे, दोनशे आमचे. पाच वर्षांनी सुटतं. आमचा मोठा मिस्तरी त्या पैशांकडे बघून दोनदा थांबलाय, त्यानं स्वतः कबूल केलंय.

माणसं दहाच्या आत, म्हणून ईएसआय (कामगार विमा) आम्हाला लागू नाही. पण जॅक घसरला, हात चिरला, तर काय? पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला फक्त 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती कवच देतो, जीवन ज्योती या आयुर्विम्याचे 436. दोन्ही आम्हीच भरतो. माणसाला चारशे छप्पन रुपये. एका ऑइलच्या डब्याची किंमत. गॅरेजवाल्यांनो, हे तरी करा. त्या पोरांच्या आयांना यानं किती धीर येतो ते तुम्हाला नाही कळायचं. आई खुश असली की पोरगा सहजासहजी सोडत नाही, हे मात्र पक्कं.

आणि हो, केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत मिस्तरीचं नाव घालायला सेतू केंद्रात खेटे घालू नका. त्यात 18 कामं आहेत, लोहार, कुलूपवाले, सुतार सगळे आहेत, मोटार मेकॅनिक नाही.

---

सातपुडा_ट्रॅक्टर (शहादा)

आमच्याकडे ट्रॅक्टर आणि पिकअप. माझी सहापैकी चार पोरं धडगाव-तळोदा भागातली, पावरा आणि भिल्ल. हंगामात त्यांची माणसं ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला जातात. मी गॅरेजच्या मागे दोन खोल्या बांधल्या. गॅस, पाणी, वीज माझी. तेवढ्यावर ती पोरं टिकली. पाच-सहा वर्षं झाली, एकही गेला नाही.

शर्त एकच. होळीच्या आधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार सुरू झाला की ती घरी जाणार. तेव्हा सुट्टी द्यावीच लागते. पहिल्या वर्षी माझ्या भावानं नाही म्हटलं तर सगळी एकदम गेली आणि महिनाभर आली नाहीत. आता त्या आठवड्यात मोठं इंजिन उघडतच नाही. शेतकऱ्यांनाही सांगून ठेवलंय. पोरं सुट्टीनंतर ठरल्या दिवशी हजर असतात, उलट बरोबर एखादा नवा चुलतभाऊ घेऊन येतात. मला जाहिरात करायची वेळच आली नाही.

---

मूळचा_फैजपूरचा (डॅलस)

गंमत वाटेल, पण इकडे अमेरिकेतही हीच रड आहे. वर्कशॉपला मेकॅनिक मिळत नाहीत, जुने निवृत्त होताहेत, तरुण येत नाहीत. इथे बऱ्याच डीलरकडे फ्लॅट रेट चालतो. क्लच बदलायला पुस्तकात समजा पाच तास लिहिले आहेत, तर पैसे पाच तासांचे, तू तीन तासांत कर नाहीतर आठ तासांत. हुशार माणूस त्यात मजबूत कमावतो. पण काम कमी आलं की घरी बसल्यासारखंच, आणि अवघड फॉल्ट शोधण्यात गेलेला वेळ कोणी मोजत नाही. शिवाय हत्यारं मेकॅनिकनं स्वतःच्या पैशानं घ्यायची. टूलवाल्याची गाडी आठवड्याला वर्कशॉपच्या दारात येते, उधारीवर देते. नवखी पोरं काम शिकायच्या आधी कर्जात. आपल्याकडे पाने मालकाचे असतात हे त्या मानानं बरं.

---

कमान_पाटा (धुळे)

आता मराठीत लिहितो, नाहीतर निदेशक सर मार्क कापतील.

फैजपूरकर भाऊ, तुमच्या फ्लॅट रेटची देशी आवृत्ती माझ्याकडे आहे. पारोळा चौफुलीला ट्रकचं काम. माझ्याकडे महिन्याचं लेबर वेगळ्या वहीत लिहिलं जातं, पार्टचा त्यात संबंध नाही. प्रत्येक मिस्तरीचा पगार ठरलेला, तो काम असो नसो मिळतो. त्याच्या नावावर ठरलेल्या आकड्याच्या वर जे लेबर होईल, त्यात रुपयाला चार आणे त्याचे. हेल्परला त्याच्या मिस्तरीच्या वाट्यातून एक आणा, म्हणजे मिस्तरी त्याला शिकवतोही आणि पळवूनही लावत नाही. वही भिंतीला टांगलेली. कोणीही बघावी.

सुरुवातीला घाई व्हायला लागली. कमानीचे, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे, यू-बोल्ट नीट न आवळता गाडी सोडायची. मग नियम केला: परत आलेलं काम त्याच हातानं, फुकट, आणि आधी तेच, मग नवीन गाडी. दोन-तीनदा रात्रीपर्यंत थांबावं लागल्यावर ठरल्या जोरानं आवळायचा टॉर्क पाना आपोआप हातात आला.

पाना भाऊ, शेजारी शटर उघडणाऱ्याचं दुःख मला कळतं. माझाही एक गेला. मी त्याला पाटे आणि कमान माझ्याकडून घ्यायला लावलं, उधारीवर. त्याच्याकडे ग्रीसिंग आणि किरकोळ कामं येतात, जड काम तो माझ्याकडे पाठवतो, मी त्याला लेबरमधले दोन आणे देतो. भांडलो असतो तर दोघांची गिऱ्हाइकं तिसऱ्याकडे गेली असती. माणूस बारा वर्षं हाताखाली राहावा ही अपेक्षाच चूक. चार-पाच वर्षं राहिला, आणि गेला तो आपल्याशी बांधलेला गेला, एवढं बस.

---

लोखंडी_पाना

हे पचायला जड जातंय, नाना. त्याला शिकवायला मी माझ्या खर्चानं पुण्याला दहा दिवस ट्रेनिंगला पाठवलं होतं. आणि तो माझीच गिऱ्हाइकं फोन करून बोलावतो. लेबरमधला वाटा मला पटला, वही भिंतीला लावायलाही तयार आहे. पण समोरच्या गाळ्याला काम देणं आज तरी माझ्याच्यानं होणार नाही.

बाकी उन्हाळ्याचं बोलायचं तर, एप्रिल-मे दोन महिने सकाळी सात ते बारा आणि चार ते साडेआठ करतोय यंदा. गिऱ्हाईक ओरडेल, ओरडू दे.

---

केळीवाला (रावेर)

ओरडणार नाही. दुपारी दोनला गाडी घेऊन जळगावात यायची आम्हाला तरी कुठे हौस आहे?

---

शिल्पनिदेशक (धुळे)

एक भर. इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय कोणी काढला नाही. ई-रिक्षा आणि स्कूटर 48 ते 72 व्होल्टच्या आसपास चालतात, त्यांचं काम शिकलेला पोरगा सांभाळू शकतो. इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत मात्र तीनशे-चारशे व्होल्ट असतात. इन्सुलेटेड हातमोजे आणि प्रशिक्षण नसेल तर कोणालाही त्या जास्त व्होल्टच्या केशरी वायरला हात लावू देऊ नका, तो कितीही हुशार असो. पण पोरांना या कामाचं आकर्षण आहे. गॅरेजात एक ई-रिक्षा उघडून ठेवा, पोरं आपणहून विचारत येतील.

---

उधन्याचा_अमळनेरकर (सुरत)

सगळं वाचलं. आखाजीला घरी येतोय, आठ दिवस आहे. जळगावला चक्कर मारली तर गॅरेज बघता येईल का? मला स्कॅनरचं काम येतं, ट्रकचंही आणि कारचंही. दोन गोष्टी आत्ताच विचारतो. पगाराची तारीख कोणती, आणि रविवार पूर्ण की अर्धा?

---

लोखंडी_पाना

या ना, जरूर या. तारीख सात, लिहून देतो. रविवार सध्या अर्धा आहे.

---

कमान_पाटा (धुळे)

अमळनेरहून धुळं जवय शे भाऊ. आमना कडे रविवार पुरा सुट्टी.